खड्ड्याला पिन कशी मारावी

पहिली गोष्ट, खड्ड्यात पडल्या पडल्या उठू नका. लोक काय करतात, लाजेनं पटकन उठतात, पँट झटकतात, कुणी ओळखीचं बघितलं नाही ना याचा अंदाज घेतात, गाडी ढकलत घरी जातात आणि रात्री जेवून झाल्यावर खड्ड्यांच्या तक्रारीच्या ॲपात अंदाजपंचे नकाशावर पिन मारतात. मग ती पिन पडते शेजारच्याच्या परसात आणि म्हणायचं ॲप बेकार आहे. तर पडलाय तिथंच बसा, लोकेशन ऑन करा आणि तो निळा ठिपका इकडं तिकडं फिरायचा थांबेपर्यंत थांबा. मोकळ्या जागेत फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरच्या आसपास बरोबर दाखवतं, झाडाखाली नाहीतर बोळात त्याहून वाईट. म्हणजे तुमचा खड्डा 5 मीटरपेक्षा लहान असेल तर घाई करू नका, मोठा होऊ द्या, एक पावसाळा पुरे.

माझा खड्डा पिठाच्या गिरणीसमोरच्या वळणावर आहे. माझा म्हणजे मी सांभाळलेला. पाणी जायला गटार नाही, ते वळणावरच तुंबतं, डांबराच्या भेगांतून खाली मुरतं, खालची खडी सुटते, आणि मग गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर वरून गेला की काम फत्ते. त्याच्या कडेला उकिडवा बसून मी फोटो काढत होतो तेव्हा दळण घेऊन आलेले एक आजोबा थांबले.

"काय करुलालास रे?"

"खड्डा घालुलालोय आजोबा, नकाशात."

"बरं करुलालास की. तिकडं घातलास की इथला काढ म्हण."

आता महत्त्वाचा मुद्दा, रस्ता कुणाचा. बेळगावात तुम्ही शहापुरातून कॅम्पातून हिंडलग्याकडं नुसतं दूध आणायला निघालात तरी वाटेत महापालिका लागते, कॅन्टोन्मेंट लागतं, मध्येच पीडब्ल्यूडी, पुढं ग्रामपंचायत. पुढचं चाक एका ऑफिसात आपटतंय आणि मागचं दुसऱ्यात. हायवेला पडलात तर नशीबवान तुम्ही, सरळ हायवेची हेल्पलाईन 1033 लावा, बाकीच्यांनी आधी सातबारा काढावा. ब्रिटनमध्ये 2007 साली फिक्समायस्ट्रीट नावाची वेबसाईट निघाली, तिथं म्हणे नकाशावर टिचकी मारली की त्या जागेला कुठली कौन्सिल लागते ते वेबसाईटच शोधते आणि तक्रार तिकडं पाठवून देते, शिवाय ती तक्रार जगाला दिसते. बिचारे गोरे लोक, हद्द कुणाची यावर भांडायचा आनंदच घालवून बसले.

आणि हद्दीचं आम्हाला सांगू नका. वेंगुर्ला रोडनं बाची संपली की पुढं शिनोळी, म्हणजे कर्नाटक संपलं आणि चंदगड तालुका चालू. तिथं जर खड्डा बरोबर हद्दीवर असेल तर जीपीएसच्या त्या 5 मीटरात अख्खं राज्य बदलतंय. इकडचं ॲप म्हणणार महाराष्ट्रात पडलाय, तिकडचं म्हणणार कर्नाटकात. 2004 पासून सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, तर खड्ड्यानं पण थोडी कळ काढायला काय हरकत आहे?

फोटो स्वतः अपलोड करा. "मला जमत नाही, तू टाक रे" म्हणून पुण्यातल्या भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवाल तर व्हॉट्सॲप फोटोतलं लोकेशनच काढून टाकतं, मग ॲप भाच्याचं लोकेशन घेतं आणि तुमचा गिरणीसमोरचा खड्डा कोथरूडला निघतो. कोथरूडचा भरला गेला तर मात्र भाच्याकडून पेढे घ्या.

वर्णनाच्या चौकटीत काय लिहावं हा आपल्याकडचा नाजूक विषय. मराठीत लिहिलं तर वाचणाऱ्याची पंचाईत, कन्नडमध्ये लिहायचं तर आपली, म्हणून शेवटी सगळे "बिग पॉटहोल, प्लीज डू नीडफुल" लिहितात आणि दोन्ही भाषांचा मान राहतो.

काहीजण हुशार, ते ओपनस्ट्रीटमॅपवर जातात. तिथं रस्ता किती गुळगुळीत आहे ते लिहायची सोय आहे, 'एक्सलंट'पासून सुरू होऊन 'बॅड', 'व्हेरी बॅड', 'हॉरिबल', 'व्हेरी हॉरिबल' आणि शेवटी 'इम्पासेबल', म्हणजे चाकाची गाडी जातच नाही असा. मी तासभर विचार केला, आमच्या वळणाला काय लिहू. इम्पासेबल म्हणावं तर रोज टमटम जातेय की! आणि ते नकाशे स्वयंसेवक बनवतात, त्यांच्याकडं फावडं नसतं हे मला नंतर कळलं.

वेळ पण बघून नोंदवा. पावसात नोंदवलं तर ओल्यावर गरम डांबर बसत नाही म्हणतात, आणि ते खरंच बसत नाही, त्यामुळं वादच संपतो. दिवाळीनंतर ऊस चालू होतो, आता भरून काय उपयोग म्हणतात. मार्चमध्ये बजेट संपलेलं असतं आणि एप्रिलमध्ये आलेलं नसतं. एकच महिना चांगला, डिसेंबर, बेंगळुरूहून अख्खं सरकार अधिवेशनाला आमच्या सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनाला येतं तेव्हा. फक्त तुमचा खड्डा त्यांच्या वाटेवर पाहिजे, आणि तसा असेल तर पिन मारायची गरजच पडत नाही.

बाकी स्टेटस बदललं की लगेच हुरळून गिरणीकडं पळू नका. माझी तक्रार पहिल्यांदा नवव्या दिवशी 'क्लोज्ड' झाली, कारण हा रस्ता आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ऑफिसला टाकली, ती 'डुप्लिकेट' म्हणून बंद, कारण असा खड्डा आधीच एकानं नोंदवलाय. तो एकजण मीच. तिसऱ्यांदा मात्र हिरवी खूण आली, 'रिझॉल्व्हड', खाली फोटोसकट. फोटो नीट मोठा करून बघितला. वळण तेच, खड्ड्यात लाल मुरूम आणि विटांचे तुकडे, कडेला मंडळाच्या पोरांची घमेली, गणपती आणायचा ट्रॅक्टर हिसके खाऊ नये म्हणून आदल्या रात्री आम्ही टाकलेला माल, आणि मागं भिंतीला टेकवलेली माझीच स्कूटर.

त्याखाली ॲप विचारतंय, आमच्या सेवेला किती स्टार द्याल? पाच देऊन टाका. पोरं रात्री दीडपर्यंत राबली होती.