बाउंड्री पाहिजे की सफारीचं गेट?

आजकाल आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या रोडला थांबा नाहीतर तिकडे चिमूरच्या बाजूला थांबा, चहाच्या टपरीवर एक बोलणं हमखास कानावर येतं. "आमच्याकडचं जंगलही ताडोबात घेतलं पाहिजे." बोलणारे कोण, तर जिप्सीवाले, होमस्टेवाले, ढाबेवाले, किराणा दुकानदार, इतकंच काय पंक्चर काढणारा पोरगासुद्धा. गंमत अशी की पंधरा-सोळा वर्षांमागे याच गावांतून बरोबर उलटं ऐकलंय आपण. २०१० मध्ये बफर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीचा गावं-शेतीसकटचा पट्टा, जाहीर झालं तेव्हा ढोरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं, उद्या घरावर पत्रा टाकायलाही फॉरेस्टवाल्याला विचारायचं का, हीच चर्चा असायची. आणि ती भीती काही उगाच नव्हती, कोअरमधून, म्हणजे प्रकल्पाच्या आतल्या गाभ्यातून, गावं उठलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती.

आधीच सांगतो, मी हद्द वाढवण्याच्या बाजूचा आहे. धंदेवाल्यांचा पाठिंबा मिळतोय याचाही मला आनंदच आहे. पण हा पाठिंबा नक्की कशाला आहे, हे कोणी तोंडावर विचारत नाही म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

आता थोडं मागचं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, महाराष्ट्रातलं पहिलं. पण त्याचा आकार किती? ११६.५५ चौरस किमी, बस्स. आपण जे "ताडोबा ताडोबा" म्हणतो ते सगळं नंतर थरांनी वाढलेलं आहे. १९८६ ला अंधारी अभयारण्य आलं, पाचशेच्या वर चौरस किमीचं, मग दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१० ला त्याच्याभोवती अकराशे चौरस किमीचं बफर. म्हणजे आज सतराशेच्या घरात जो प्रकल्प आहे त्यात कागदावरचं "राष्ट्रीय उद्यान" जेमतेम सात टक्के. हे सांगायचं कारण असं की "हद्द वाढवा" म्हणताना कुठली हद्द हे कोणीच बोलत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की चराई बंद, लोकांचे हक्क संपले, मोहफुलं वेचायलाही आत जाता येत नाही. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. बफरमध्ये गावं राहतात, शेती राहते, आणि कायद्यानेच ग्रामसभेशी बोलून ते ठरवायचं असतं. हा फरक टपरीवर बोलणाऱ्याला माहीत नसतो असं नाही हां, चांगला माहीत असतो, पण तो सोयीने विसरला जातो, कारण त्याच्या डोक्यात हद्द नसतेच, त्याच्या डोक्यात गेट असतं. आपल्या गावाला नवीन गेट मिळालं की जिप्स्या लागतील, पोरं गाईड होतील, रस्त्याकडेच्या जागेला भाव येईल.

याला मी नावं ठेवत नाही. माझ्या आतेभावाची स्वतःची जिप्सी आहे, कर्ज काढून घेतलेली. थंडीत पहाटे साडेचारला तो उठतो, काचेवरचं दव जुन्या बनियनने पुसतो, सीटवर घोंगड्या टाकतो, रिसॉर्टवरून पुण्या-मुंबईची फॅमिली उचलतो आणि गेट उघडायच्या आधी लाइनीत लागतो. पाहुण्यांच्या अंगावर पाच पाच हजाराची जॅकेटं आणि हा हाफ स्वेटरवर. पण मला म्हणतो, "दादा, आधी मी बल्लारपूरला कंत्राटात होतो, बारा तास. आता निदान घरी जेवतो." मोहर्लीला बायका गाईड झाल्यात, चार लोकांत बोलायला लाजणाऱ्या बायका आज पर्यटकाला ठणकावून सांगतात की आवाज करू नका, खाली उतरू नका. हे बदल खरे आहेत. शहरात बसून "टुरिझमने जंगल नासवलं" म्हणणाऱ्याने आधी आमच्या जिल्ह्यात दुसरा रोजगार काय आहे ते दाखवावं. इथे कोळसा आहे, वीज केंद्र आहे, सिमेंट आहे, पेपर मिल आहे, आणि त्या सगळ्यांची धूळ आहे.

कोळशावरून आठवलं. धंदेवाल्यांच्या पाठिंब्याची खरी किंमत मला तिथे दिसते. ताडोबाच्या अगदी जवळ लोहाऱ्याच्या खाणीचा प्रस्ताव आला होता, चंद्रपुरात उपोषणं झाली, मोठा विरोध झाला, आणि तो बारगळला. मग २०२० मध्ये चिमूरकडचा बंदर कोळसा ब्लॉक लिलावाच्या यादीत आला. वाघांचा ताडोबावरून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याकडे जायचा रस्ताच तो. तेव्हाही ओरड झाली आणि ब्लॉक यादीतून निघाला. दर वेळी आंदोलन करणारे पर्यावरणवाले मूठभर असतात, त्यांना "विकासाचे विरोधक" म्हणून बाजूला सारायला काही लागत नाही. पण ज्या जंगलावर हजारो घरांची चूल पेटते त्या जंगलाखाली खाण काढतो म्हणणं कुठल्याही आमदाराला जड जातं. मत जातं ना राव. वाघाला मत नाही, जिप्सीवाल्याला आहे.

२०१२ आठवतंय का कोणाला? जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये बंदी उठली. त्यातले बरेचसे दिवस तसंही पावसाळ्यामुळे कोअर बंदच असतं, तरी गेटांवरच्या गावांत काय घबराट होती! तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं की आपलं पोट वाघाला बांधलंय. आणि बहुतेक तेव्हापासूनच लोक बफरकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. पुढे बफरचीच गेटं वाढत गेली, आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर, निमढेला... बफर पावसाळ्यातही चालू, त्यामुळे वर्षभर धंदा.

मग अडचण काय आहे?

अडचण एप्रिल-मे मध्ये दिसते. ऊन कडक, पानगळ झालेली, वाघ पाणवठ्याला धरून बसलेला, म्हणून सायटिंगचा सगळ्यात जोराचा सीझन तोच. आणि नेमका मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा सीझनही तोच. म्हणजे एकाच जंगलात एका बाजूने जिप्सीत उभं राहून लोक वाघ शोधताहेत आणि दुसऱ्या बाजूने पहाटेच्या अंधारात बाई मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचतेय, वाघ दिसू नये म्हणून देवाचं नाव घेत. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो हे तिलाही माहीत आहे. तरी जाते, कारण त्या दोन महिन्यांच्या पैशावर खरिपाचं बियाणं येतं. ती मेली तर सरकार २५ लाख देतं आता, पण ती जगली तर तिला वाघाच्या धंद्यातून काय मिळतं? काही गावांत ईडीसीमार्फत (गावाची इको-डेव्हलपमेंट कमिटी) गेटचा पैसा येतो, गॅस आला, सोलर कुंपण आलं, मान्य. पण गेटपासून पंधरा किमी आतल्या गावात जा आणि विचारा. तिथे वाघ आहे, रानडुक्कर आहे, रोही (नीलगाय) आहे, रात्री धानाला जागली करायला मचाणीवर बसावं लागतं, आणि जिप्सी एकही येत नाही.

महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०२२ ला ४४४. हे वाघ काय सगळे ताडोबाच्या रेषेच्या आत बसलेत का? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल, तिकडे साध्या प्रादेशिक जंगलात, धानाच्या बांधाला लागून वाघीण पिल्लं वाढवते. त्यामुळे "हद्द वाढली की वाघ आमच्या अंगावर येतील" ही भीती मला पटत नाही. वाघ आधीच आलेला आहे, हद्द यायची राहिली आहे. हद्द आली की निदान माणसं येतील, स्टाफ येईल, कॅमेरे येतील, पीआरटीची (वाघ गावाजवळ आला की आधी धावणारी गावातलीच टीम) पोरं लागतील, नुकसानीचा पंचनामा लवकर होईल (होईल असं म्हणू या). घोडाझरी अभयारण्य २०१८ ला झालं, मग कन्हारगाव झालं, त्यामागे हाच विचार होता. कन्हारगावला गावांनी विरोधही केला. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणणारे माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत, त्यांनी एकदा तिकडे मुक्कामी राहून यावं.

आता खरा प्रश्न, "लोकल" कोण? ज्यांचा पाठिंबा पेपरात छापून येतो ते लोकल व्यावसायिक म्हणजे नक्की कोण? रस्त्याकडेच्या शेतजमिनी कोणी घेतल्या ते सातबारे काढून बघा. मोठमोठी कुंपणं घालून, आत स्विमिंग पूल, लॉन, उन्हाळ्यात बोअरचं पाणी चोवीस तास, आणि शेजारच्या गावात हापशावर रांग. लग्नाच्या सीझनला डीजे. ज्या नाल्याकाठून जनावरं जात होती तिथे आता तारेची जाळी. हे लोक हद्दवाढीला पाठिंबा देतात तेव्हा मला आयत्या बिळावर नागोबा आठवतो. सगळे तसे नाहीत, काहींनी गावातलीच पोरं कामाला ठेवलीत, भाजीपाला गावातून घेतात, संध्याकाळी सातनंतर लाइट कमी करतात. त्यांना मनापासून नमस्कार. पण जिप्सी गावकऱ्याच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याकडे चालतो हे ऐकून नाही असा माणूस मोहर्ली ते कोलारा सापडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हद्द वाढवायला पाठिंबा देताय ना, मग हद्दीबरोबर येणारे नियम आधी स्वतःला लावून घ्या. इको-सेन्सिटिव्ह झोनचे (जंगलालगतच्या पट्ट्यातल्या बांधकाम-धंद्यावरचे) नियम लावताना "आमचं रिसॉर्ट जुनं आहे" म्हणून वकील उभा करायचा नाही. कुंपण मागे घ्या, जनावराला जायला वाट सोडा. पाण्याचा हिशोब गावाला द्या. आणि जे जंगल नव्याने आत घ्यायचंय तिथल्या तेंदू-मोहाच्या लोकांचं काय, हे गेट कुठे काढायचं ते ठरवायच्या आधी ठरू द्या. शक्य असेल तिथे बफर मागा, अभयारण्य मागा, हक्क शाबूत ठेवून मागा, एकदम "नॅशनल पार्क करा" असं टाळ्यांसाठी बोलू नका. एका गावात गेट आणि दहा गावांत नुसता वाघ असं असेल तर गेटचा पैसा अकरा गावांत वाटा. हे शेवटचं बोललो की माझा आतेभाऊही गप्प बसतो. "मंग आमाले काय उरन दादा?" म्हणतो. त्याचाही हप्ता आहे, मला कळतं. पण ज्या दहा गावांच्या जीवावर वाघ जगतोय त्यांनी एक दिवस तारेत करंट सोडला तर हप्ता काय नि जिप्सी काय. तसं होतंय, दरवर्षी बातम्या वाचतो आपण.

आणि हे सगळं ठरवायला मुंबईला शिष्टमंडळ न्यायची गरज नाही. ग्रामसभा आहेत ना. पण ग्रामसभेला जिप्सीवाला सफारीत असतो, गाईड जंगलात, रिसॉर्टवाला कधी येतच नाही, उरतात म्हातारे आणि सरपंच. एक सोपं काम करा, ग्रामसभा मंगळवारी ठेवा. मंगळवारी ताडोबा बंद असतो, कोणाला कारण सांगता येणार नाही.

(कमेंटमध्ये शिवीगाळ केली तर डिलीट करणार. रिसॉर्टवाल्या मित्रांनी जरूर बोलावं, पण "आम्ही इतका रोजगार देतो" म्हणताना किती जण गावातले, किती बाहेरचे आणि पगार किती, तेही लिहा.)