मुलगी लहान आहे, म्हणूनच तर!

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस मुलीला द्यायचे ठरवले आहे, एवढेच मी नातेवाइकांत आणि मैत्रिणींत बोलले, तर जणू तिचे लग्नच ठरवून टाकले आहे अशा थाटात माझी उलटतपासणी सुरू झाली. ‘अगं, अकरा वर्षांची पोर ती, तिला आत्तापासून कशाला?’ असे आधी जाऊबाई म्हणाल्या, मग मावसबहीण म्हणाली आणि पुढे ज्यांना दोन-दोन पदव्या आहेत अशा बायकाही तेच म्हणू लागल्या, तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

अहो, लहान आहे म्हणूनच द्यायची! हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसशी संबंध येण्यापूर्वी शरीर तयार असावे यासाठीच ही लस 9 ते 14 या वयात देतात. त्या वयात प्रतिकारशक्ती अधिक जोमाने साथ देते, म्हणूनच आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पंधराच्या आत दोन आणि त्यापुढे तीन मात्रा सांगत आले आहेत. एकदा जडलेला संसर्ग ही लस घालवू शकत नाही, त्यामुळे ‘लग्न ठरले की बघू’ म्हणणाऱ्यांना नेमके काय बघायचे असते, ते मला आजवर कळलेले नाही.

खरा राग येतो तो या शंकेच्या आड दडलेल्या शंकेचा. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस देणे म्हणजे मुलीला मोकळीक देणे, असा हा तर्क आहे. मग जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस-बीची लस टोचतात, तेव्हा हे तर्कपंडित कुठे असतात? तोही विषाणू शरीरसंबंधातून पसरू शकतो आणि तीही लस कर्करोगच टाळते, यकृताचा. पण पाळण्यातल्या बाळाच्या चारित्र्याची चिंता कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ‘आमच्या घरात असले काही नसते’ म्हणणाऱ्यांना तर एवढेच सांगावेसे वाटते, की आयुष्यभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही हा विषाणू त्या पुरुषाकडूनच मिळू शकतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, पण जिच्यात ठाण मांडतो तिला पंधरा-वीस वर्षांनी, म्हणजे पोरेबाळे हाताशी येण्याच्या वयात, कर्करोगाच्या रूपात गाठतो. 2020 च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात 1 लाख 23 हजारांहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला आणि 77 हजारांहून अधिक दगावल्या. त्या सगळ्यांच्या चारित्र्याचा निवाडा करायला बसायचे आहे का?

त्यात ‘त्या मुली लस घेऊन मेल्या होत्या ना?’ ही जुनी आवई आहेच. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे झालेल्या या लसीच्या प्रकल्पात मुलींचे मृत्यू झाले होते, हे खरे. पण चौकशीत ते सर्पदंश, बुडणे, विषप्राशन अशा कारणांचे निघाले, लसीशी त्यांचा संबंध लागला नाही. पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या संमतीपत्रांवर घेतल्या गेल्या, हा मात्र अक्षम्य प्रकार होता आणि त्याबद्दल ओरडायलाच हवे. पण ओरडणाऱ्यांनी निम्मीच गोष्ट लक्षात ठेवली. त्याच गदारोळात देशातली याच लसीची दुसरी एक चाचणीही थांबली, तिच्यात बार्शी आणि पुण्याच्याही मुली होत्या, आणि अनेकींना एकच मात्रा मिळून पुढची राहून गेली. दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसले, की एका मात्रेनेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्यामागे या मुलींचाही पुरावा आहे. बार्शीच्या मुलींनी जगाला जे दाखवून दिले, ते शिकलेल्या घरांतल्या दिवाणखान्यात बसून मला पटवून द्यावे लागते!

आणि कळस म्हणजे शाळेच्या पालकांचा ग्रुप. तिथे मी ही माहिती साध्या, सभ्य भाषेत टाकली, तर एका बाईंनी लगेच लिहिले, ‘कृपया असे विषय इथे नकोत, ग्रुपवर मुलांचे बाबाही आहेत.’ बाबांनी वाचावे म्हणूनच तर लिहिले होते. ही लस मुलग्यांनाही देता येते, हे तर मी तिथे अजून सांगितलेलेच नाही.