जुनी पिकअप घरीच बनवा, मिस्त्रीला कशाला पैसे?

मिस्त्री लोक लुटतात, हे आता गावोगाव सिद्ध झालेलं आहे. मी स्वतः मिस्त्री असल्यामुळे या विषयावर अधिकाराने बोलू शकतो.

परवा एक २०१३ ची पिकअप टोचन करून माझ्या दारात आणली. केबिनमध्ये वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास. डॅशबोर्डखालून शेवयांसारखा लोंबणारा वायरींचा गुंता. मालक हसतमुख. "मिस्त्री, काही नाही, किरकोळ लाईटीचं काम आहे. मी घरीच सगळं केलंय, तुम्ही फक्त कनेक्शन द्या." त्या 'फक्त कनेक्शन'पायी बाकीची गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडत बसली. शेवटी मजुरी ऐकून मालकांनी विचारलं, "वायरी काय सोन्याच्या टाकल्या का?"

तेव्हाच माझे डोळे उघडले. लोकांनी खरंच सगळं घरी करावं. कसं करावं ते सांगतो. याची मजुरी नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी जमवा: अंगण, मोबाईल आणि मेव्हणा. अंगणात गाडी लावा, मोबाईलवर व्हिडिओ लावा आणि मेव्हण्याला पाना धरायला लावा. व्हिडिओत एखादा अमेरिकन माणूस त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये पन्नास वर्षांपूर्वीची पिकअप उघडून बसलेला असतो. त्याच्याकडे लिफ्ट असते, नट ठरावीक जोरानेच आवळायचा टॉर्क रेंच असतो, कंपनीचं मॅन्युअल असतं, काढलेला प्रत्येक बोल्ट तो डबीत घालून वर चिठ्ठी चिकटवतो. तो भाग पुढे ढकला. आपल्याकडे चौदा-पंधराचा पाना आहे आणि बोल्ट ठेवायला चहाची बशी आहे. गाडी जोडून झाल्यावर बशीत चार बोल्ट उरले तर घाबरू नका. कंपनी जास्तीचे देते.

नट आवळताना 'कट्' असा आवाज येईपर्यंत आवळा. पान्याला पाईप लावला की आवाज लवकर येतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून द्या. इंजिन गरम होऊ नये म्हणून सगळेच फेकतात. मग इंजिन नीट तापतच नाही, थंडच पळतं, डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं. पण तापमानाचा काटा कसा खाली राहतो! रेडिएटरमध्ये कूलंट कशाला, बोअरचं पाणी आहे की. ज्या पाण्याने घरच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तेच रेडिएटरच्या नळ्यांना पाजा.

ब्रेकच्या डबीत ऑईल कमी झालं तर घरात जे ऑईल असेल ते ओता. झाकणावर डॉट ३ की काहीतरी लिहिलेलं असतं, तिकडे बघू नका. इंजिन ऑईल पडलं की आतले रबर फुगतात, ब्रेक धरून बसतात नाहीतर धरतच नाहीत. दोन्हींत मजा आहे.

डिझेल संपून लाईनीत एअर गेली तर स्टार्टर मारत राहा. थोड्या वेळाने स्टार्टर आपोआप गप्प होतो.

आता पाट्यांकडे, म्हणजे मागच्या कमानीतल्या लोखंडी पट्ट्यांकडे वळू. आमच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या क्रेटमध्ये जातो. तेराशे किलो माल पास असलेल्या गाडीत हिशोबाने पासष्ट क्रेट बसतात, रिकाम्या क्रेटचं वजन सोडून. पण पासष्ट क्रेट भरून कल्याणला जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. सव्वाशे भरायचे, वर ताडपत्री आवळायची आणि हौदा मागे बसला की कंपनीला शिव्या द्यायच्या. मग उपाय ठरलेला. भंगारातून दुसऱ्या गाडीचा पाटा आणा, मागच्या कमानीत घाला, लांब यू-बोल्ट टाका. गाडी कशी वर उठते! रिकामी असताना तर मागून ऐटीत दिसते.

हौद्याखाली, मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून एक दांडी एक्सलला जोडलेली असते. ती दांडी दिसली की निरुपयोगी समजून तारेने चेसिसला बांधून टाका. पाहायचंच असेल तर ती काय करते ते असं: गाडी रिकामी असली की चेसिस वर असते, दांडीवरून व्हॉल्व्हला ते कळतं आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. नाहीतर हलकी चाकं जाम होऊन गाडी मागून फिरेल. माल भरला की चेसिस खाली बसते आणि व्हॉल्व्ह मागे पूर्ण प्रेशर सोडतो. आता तुम्ही पाटा वाढवलात. माल अडीच टन आहे, पण चेसिस बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. म्हणजे माल दुप्पट आणि मागचा ब्रेक अर्धा. माळशेज उतरताना पुढचे ब्रेक एकटेच राबतात, तापतात, पायाला पेडल मऊ लागायला लागतं. तेव्हा तुम्ही फोन करता, "मिस्त्री, ब्रेकचं काम नीट झालं नव्हतं का?"

नव्हतं झालं. कारण मी केलंच नव्हतं.

पाट्याच्या कायद्याचंही ऐकून ठेवा, चहाच्या टपरीवर उपयोगी पडेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा मालाला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आठ वर्षांपुढची गाडी तर दर वर्षी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला न्यावी लागते. त्यावर तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी टपावरचा एलईडी बार, म्हणजे लाईटची लांब पट्टी काढायची, प्रेशर हॉर्न काढायचा, जुन्या लाईटी लावायच्या आणि पासिंग झालं की संध्याकाळी सगळं परत. हे काढ-घालीचं काम मात्र माझ्याकडे घेऊन येता. तेवढं घरी जमत नाही.

प्रेशर हॉर्न अवश्य बसवा. दवाखान्यासमोर वाजवून बघा.

आता माझा आवडता विषय, वायरिंग. हे सगळ्यांना येतं. घरात पंखा लावला, बोअरच्या मोटरला स्टार्टर जोडला, तोच माणूस गाडीचं वायरिंग करायला बसतो. पहिलं काम हेडलाईटचं. कंपनीचा बल्ब ६०-५५ वॅटचा, तो मिणमिणतो अशी तक्रार. काच पिवळी पडलीय, रिफ्लेक्टर काळा झालाय, अर्थिंग गंजलंय, ते बघायचं नाही. १००-९० चे बल्ब आणायचे. बारा व्होल्टवर साठ वॅटचा एक बल्ब पाच अँपिअर खेचतो, दोन मिळून दहा. शंभरचे दोन खेचतात साडेसोळा-सतरा. वायर तीच, स्विच तोच, होल्डर तोच. होल्डर आधी तपकिरी होतो, मग मऊ, मग बल्बलाच चिकटून बसतो. मध्ये एक रिले, म्हणजे जास्तीचा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारी डबी टाकून बॅटरीवरून जाड वायर घेतली तर निदान स्विच वाचतो. रिले मिळतो शे-दीडशे रुपयांत. पण शे-दीडशे रुपये म्हणजे लूट!

मग टपावर एलईडी बार. त्याची वायर कुठून घ्यायची? इग्निशनची जी पहिली हाती लागेल तिच्यातून. वायर सोलायची, दुसरी तिच्याभोवती गुंडाळायची आणि वर टेप. सोल्डर नको, लग नको, स्लीव्ह नको. काळी टेपच पाहिजे, उन्हाळ्यात तिचा गोंद सुटून ती आपोआप उलगडते आणि पावसाळ्यात आत पाणी जातं. परवाच्या गाडीत एकाच लाल वायरीला बार, हॉर्न, म्युझिक सिस्टीम, मोबाईलचा चार्जर आणि केबिनमधल्या देवाच्या निळ्या लाईटी जोडलेल्या होत्या. पुढे ती लाल वायर पिवळी झाली, पिवळीची घरातल्या फिटिंगची पांढरी झाली आणि ती पांढरी चेसिसच्या धारेवरून, कसलंही कव्हर न घालता, हौद्यापर्यंत गेली होती. जिथे घासली तिथे आतलं तांबं चकचकीत दिसत होतं.

साहजिकच फ्यूज उडायला लागला. फ्यूज उडतो म्हणजे फ्यूज खराब, असं आपलं शास्त्र सांगतं. दहा अँपिअरचा लाल उडाला, मालकांनी पंधराचा निळा टाकला. तो उडाला, वीसचा पिवळा. तो उडाला, तीसचा हिरवा. हिरवाही उडाला तेव्हा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली. ती मात्र उडाली नाही. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं!

अहो, ती उडाली नाही म्हणून तर वायर जळली! फ्यूज कशासाठी असतो? गाडीत रंग भरायला? वायर तापायच्या आधी आपण जळून जायचं, एवढंच त्याचं काम. दोन-पाच रुपयांचा तुकडा तुमच्यासाठी चार वेळा मेला आणि तुम्ही पाचव्या वेळी तिथे चांदी गुंडाळलीत! रात्री घाटात, धुक्यात, भरल्या गाडीच्या सगळ्या लाईटी एकदम गेल्या. मागून ट्रक येत होता. वळणावर रस्ता रुंद होता म्हणून गाडी बाजूला घेता आली. आणि हे सांगताना माणूस हसतो, "थोडक्यात निभावलं बघा." त्या ट्रकवाल्याला विचारा कसं निभावलं ते.

असो. मी सल्ला देत होतो.

एलईडी बार समोरून गाडी आली तरी बंद करू नका. समोरच्याला दिसलं काय न दिसलं काय, तो आपला नातेवाईक थोडाच आहे.

धूर वाढला की ईजीआरला, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, पत्रा मारून बंद करा. कुठल्या गाडीला ईजीआर आहे आणि कुठल्या नाही, हे बघत बसू नका. पत्रा कुठेतरी मारला पाहिजे.

गाडी विकायला काढली की चेसिसला काळा रंग मारा, गंजावरच. 'एकहाती, घरगुती वापर' असं लिहा. शेवटी ती घेणारा कुणी बिचारा माझ्याच दारात येतो आणि ज्या वायरी त्याने जोडल्याच नाहीत त्यांच्याबद्दल मीच त्याला ओरडतो.

शेवटचं काम गाडीखालचं. क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळं खालून. गाडी उचलायला गाडीतलाच बॉटल जॅक घ्या. त्याच्या सीलमधून तेल झिरपत असेल तरी चालेल, हळूहळूच खाली येतो. जमीन मऊ असेल तर खाली फळी आणि चेसिसखाली विटा रचा. विटा शेजारच्या बांधकामावरच्या घ्या. आणि मग खाली कोण शिरणार? परवाच्या मालकांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "पोरगा हुशार आहे आमचा, सहावीत आहे. खालचं सगळं तोच करतो. मला पोटामुळे शिरता येत नाही."

आता मात्र बस्स.

तुमचं पोट आत जात नाही म्हणून पोरगं घालता गाडीखाली? विटांवर? वीट दाबाखाली कशी जाते माहीत आहे का? आधी तडा जाऊन थोडी थोडी चुरत नाही, एकदम भुगा होते. दीड टनाची गाडी खाली यायला तुमच्या हाकेएवढा वेळही लागत नाही. चार पैसे वाचवले म्हणून गावभर सांगत फिरता, आणि लेकराला टॉर्च देऊन तिथे झोपवता जिथे मी स्वतः चेसिसखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय हात घालत नाही.

घरी करण्यासारखं काही नाही असं मी कधी म्हटलं? ग्रीस करा. ऑईल बदला, फिल्टर बदला. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा. बॅटरीचे टर्मिनल घासून व्हॅसलीन लावा. हवा तपासा, बेल्ट बघा. पाट्यांचे यू-बोल्ट महिन्यातून एकदा तपासा, ते सैल झाले की सेंटर बोल्ट तुटतो. एवढं केलंत तरी जुनी गाडी वर्षानुवर्षं पळते, आणि एवढंच कुणी करत नाही. ग्रीस निपलवर चिखलाचा गोळा, आणि टपावर बार!

ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंग घरी करायचं असेल तर आधी शिका. कुठल्याही गॅरेजात येऊन उभे राहा, विचारा, हात काळे करा. मी कुणाला हाकललेलं नाही. शिकून करणाऱ्याचं काम मला लगेच कळतं, त्याच्याशी भाव करतानाही माझी जीभ कचरते. पण न शिकता करायचं, जळल्यावर आणायचं आणि वर सोन्याच्या वायरी विचारायच्या, हे चालणार नाही. भरली गाडी रस्त्यावर तुमची एकट्याची नसते. समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको येत असतात, मधे लेकरू बसवून.

आणि विटांवर गाडी उभी असेल तर आत्ता उठा आणि खाली कोणी असेल त्याला बाहेर काढा. स्टँड घ्यायला पैसे नसतील तर माझ्याकडचे दोन घेऊन जा, काम झालं की आणून द्या, भाडं नको. फक्त न्यायला पोराला पाठवू नका. स्वतः या, मला चार शब्द बोलायचेत.