हप्ता पडला का?

आमच्या गावात हल्ली पाऊस पडला का यापेक्षा हप्ता पडला का हे जास्त विचारतात. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे दोन-दोन हजार वर्षातून तीनदा, त्यात २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजना आणली, म्हणजे अजून सहा हजार, त्यामुळे पारावर आता पुढचा प्रश्न असतो, दिल्लीचा का मुंबईचा? सगळ्यांचे फोन टिंग टिंग वाजतात आणि आमच्या आबांच्या फोनवर रिचार्ज संपल्याचा मेसेज येतो.

आबांचा हप्ता कुठं अडकला म्हणून ऑनलाइन स्टेटस काढलं. तिथे तीन गोष्टी बघतात, लँड सीडिंग म्हणजे जमिनीची नोंद जोडली का, ई-केवायसी म्हणजे माणूस तोच का याची ओळख, आणि आधार बँक सीडिंग म्हणजे खात्याला आधार जोडलं का. आमची मधली अडकलेली. चला सीएससी सेंटरला, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात.

आबांनी अंगठा लावला, मशीन लाल. धोतराला पुसून लावला, लाल. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, काका जरा हात धुवून या. धुवून आले, मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, करत करत करंगळीपर्यंत आलो तरी लालच. उभा जन्म खुरपं, कासरा आणि मोटारीच्या पाइपात गेलेला, बोटाला रेघ राहील कुठून! आणि आमच्या मागे लायनीत रिटायर मास्तर, पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला आलेले, त्यांचा अंगठा एका फटक्यात हिरवा. आता मास्तरांना महिन्याला दहा हजारांवर पेन्शन, म्हणजे ते या योजनेत बसतच नाहीत. माझं म्हणणं, नियमच उलटा करा, ज्याचा अंगठा उमटला तो अपात्र. निम्मे बोगस लाभार्थी जागेवर गळतील.

पोरगा हुशार होता, म्हणाला ॲपमध्ये चेहऱ्यानेपण होतंय. फोटो म्हटल्यावर आबांनी टोपी सारखी केली, मान ताठ केली आणि पोलीस पाटलासारखे डोळे वटारले. ॲपला ते नको होतं.

"काका, डोळे मिचकवा."

"आं?"

"डोळे मिचकवा, त्याशिवाय जिवंत माणूस हाय हे त्याला कळत न्हाई."

आबांनी लायनीतल्या बायकांकडे बघितलं. "एवढ्या बायांत डोळा मारू?"

"मारा की," आई मागनं म्हणाली, "माझ्यासमोरच मारताय न्हवं." मारला एकदाचा. केवायसी झाली, लायनीत दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसत होत्या ते वेगळं.

पुढं काही दिवसांनी पेमेंट सक्सेस दिसायला लागलं पण पासबुकात दमडी नाही. बँकेतले साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले, पैसे तुमच्या आधारवर गेलेत. म्हणजे कुठं? तर असं आहे की आपण फॉर्मवर कुठला का खाते नंबर लिहिना, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं असेल तिकडंच पैसे पळतात. आबांनी मागं जत्रेत फुकट सिम घेतलं होतं, तिथल्या पोराने सिमसोबत एक मोबाईलवरचं खातंपण उघडून दिलेलं, कुणाला न विचारता. पैसे तिथं निवांत झोपलेले. आबांनी जन्मात सेव्हिंग केलं नव्हतं, ते असं परस्पर झालं. नशीब, ओटीपीवर निघाले.

पैसे हातात आले तसे आबा तडक खताच्या दुकानात. हिशोब पाठ, डीएपीची बॅग १३५०, युरियाच्या दोन ५३३, राहिले ११७, त्यात भजी आणि येष्टीचं तिकीट. (दुकानदार डीएपीसोबत एक बाटली गळ्यात मारायला बघत होता, तिच्यात काय असतं ते त्यालाही सांगता आलं नाही, आईने ती काउंटरवर परत ठेवली.) पोती बाहेर आली, आबांनी नोटा मोजून दिल्या, आणि दुकानदाराने ड्रॉवरमधून तसलंच मशीन काढून पुढं सरकवलं.

"आबा, अंगठा लावा. या मशीनशिवाय खताचं बिलच निघत न्हाई."

आबांनी अंगठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि दुकानदाराला सरळ डोळा मारला.