डस्ट नाहीये म्हणे!

काल रात्री पावणेबाराला मावसभावाचा मेसेज. "दादा, ग्रेट लीगसाठी कोणाला पॉवर अप करू? डस्ट फक्त ६ हजार आहे." सहा हजार! अरे दहा दिवसांपूर्वी तुझ्याकडे पावणेतीन लाख होती ना, मला स्क्रीनशॉट पाठवून मिरवत होतास, गेली कुठे? तर म्हणे "थोडी थोडी संपली रे." थोडी थोडी. मी अंथरुणात उठून बसलो आणि बायको म्हणाली काय झालं, कोणी गेलं का. म्हटलं हो, पावणेतीन लाख गेले. ती घाबरली बिचारी, मग कळलं पोकेमॉन गो आहे तर कूस बदलून झोपली.

ज्यांनी पोकेमॉन गो खेळलेलं नाही त्यांना सांगतो, स्टारडस्ट, म्हणजेच डस्ट, हा या गेममधला खरा पैसा, तो ओतूनच पोकेमॉनची ताकद वाढवायची, त्याला पॉवर अप म्हणतात. कॉइन्स विकत मिळतात, कार्ड काढलं की झालं. डस्ट तशी दुकानात थेट विकत मिळत नाही, ती पकडून पकडून, लढून लढून, अंडी उबवून कमवायची. साधा पोकेमॉन पकडला की १००. फक्त १००. आणि खर्चाची बटणं मात्र पन्नास हजार, पंचाहत्तर हजार, लाखाची. आता या भाऊसाहेबांनी काय केलं ऐका. ८० हजार गेली एका शायनीच्या (वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन) ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, कारण ज्याच्याशी ट्रेड केला तो मित्र अजून अल्ट्रा फ्रेंड होता, बेस्ट फ्रेंडच्या एक पायरी खाली. बेस्ट फ्रेंड झाल्यावर तोच ट्रेड ४० हजारात झाला असता, आणि बेस्ट फ्रेंड व्हायला किती दिवस राहिले होते? अकरा! अकरा दिवस धीर नाही धरवला! गणपतीत मोदक नैवेद्याआधी उचलणारी पोरं असतात ना, त्यातला हा. मग १ लाख गेली मुटू नावाच्या पोकेमॉनचा दुसरा चार्ज्ड अटॅक, म्हणजे मोठा वार, उघडायला. कशासाठी, तर "भारी दिसतो". अरे मास्टर लीगमध्ये, म्हणजे ताकदीची मर्यादा नसलेल्या लढतींत, समोरचे सगळे ५० लेव्हलला नेलेले, तुझा तो ३० लेव्हलचा मुटू तिथे जाऊन काय करणार, हळदीकुंकू?

आणि उरलेली जवळजवळ ९० हजार कुठे गेली हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. स्नॉरलॅक्स. जिम (नकाशावरचा अड्डा, तिथे आपला पोकेमॉन बसवायचा) राखायला. ३००० सीपीच्या (ताकदीचा आकडा) वर नेला त्याला, का तर जिममधून कोणी काढू नये म्हणून. अरे बाबा ३००० च्या वर सीपी गेला की जिममध्ये त्याचं मोटिव्हेशन, म्हणजे टिकायचा दम, उलट भराभर उतरतं, म्हणजे पैसे खर्च करून तू त्याला जास्त लवकर पाडायची सोय केलीस. आणि जिमचं उत्पन्न किती, तर दर दहा मिनिटांना १ कॉइन, दिवसाला जास्तीत जास्त ५०, म्हणजे ८ तास २० मिनिटं झाली की संपलं, पुढे तो तिथे महिनाभर बसला तरी तेवढेच. आमच्याकडे एका टेकडीवरच्या देवळाच्या जिममध्ये माझा एक ब्लिसी २३ दिवस बसला होता. कोणी फिरकलंच नाही तिकडे. २३ दिवसांनी परत आला आणि घेऊन काय आला, ५० कॉइन्स. पोरगा दुबईला नोकरीला पाठवावा आणि त्याने परत येताना खजुराचं एक पाकीट आणावं, तसं. आणि कॉइन्स परत आल्यावरच मिळतात, तिथे बसून असताना काहीच नाही, म्हणजे चार-पाच जिम लावलेत आणि सगळे एकाच दिवशी पाडले गेले तरी ५०च. हे सगळं मी त्याला सांगितलंय. दोनदा सांगितलंय. मिसळ खाता खाता सांगितलंय, तेव्हा मान डोलावत होता, आता कळलं की तर्रीकडे बघून डोलावत होता.

त्या पन्नास कॉइन्सचं तरी नीट करावं की नाही? नाही. रिमोट रेड पास, म्हणजे घरबसल्या रेडमध्ये, मोठ्या पोकेमॉनशी मिळून लढायला, जायचं तिकीट. २०२३ च्या एप्रिलपर्यंत एक पास १०० कॉइन्सला होता, मग १९५ झाला. म्हणजे जिमच्या हिशोबाने चार दिवसांची कमाई आणि एका रेडमध्ये खलास, आणि समोरचा पोकेमॉन पळून गेला तर हात हलवत घरी. आणि याची बॅग बघा, ३५० आयटमवर अडकलेली, रोज पोशन आणि बेऱ्या फेकत बसतो आणि म्हणतो पोकेमॉन पकडायचे बॉल संपले. अरे २०० कॉइन्सला ५० ची जागा वाढते बॅगेत, एकदा घेतली की कायमची! पण नाही, जागा घेण्यात मजा नाही ना, त्याचा स्क्रीनशॉट कोण बघणार.

बरं, ग्रेट लीगचं तर वेगळंच रडगाणं. १५०० सीपीची मर्यादा आहे. आता एवढी साधी गोष्ट आहे की सीपी काढताना अटॅकला जास्त वजन असतं, म्हणून अटॅक कमी आणि डिफेन्स, एचपी जास्त असलेला नग घेतला तर त्याच १५०० मध्ये तो जास्त टिकतो. ० अटॅक, १५ डिफेन्स, १५ एचपी (प्रत्येकी १५ पैकी गुण) असलं काही सापडलं की नाचायचं. पण लोकांच्या डोक्यात हंडो बसलाय. पंधरा-पंधरा-पंधरा. शंभर टक्के. दहावीच्या मार्कांचं वेड आहे आपल्याला, दुसरं काय. आणि जो ०-१५-१५ आहे त्याला दोन तारे दिसतात म्हणून ट्रान्सफर, म्हणजे कायमचा देऊन टाकायचा! मी डोळ्यांनी बघितलंय, बागेत बाकावर शेजारी बसून एकाने धडाधड ट्रान्सफर मारले, मी तोंड उघडेपर्यंत गेला बिचारा गेममधल्या प्रोफेसरकडे कँडी (पोकेमॉन वाढवायला लागणाऱ्या गोळ्या) व्हायला.

आणि लीगमधले ते मुद्दाम हरणारे, त्यांचं काय करायचं? एका सेटमध्ये पाच लढती, दिवसाला पाच सेट. हे लोक सलग सेट हरतात, रेटिंग खाली पाडतात, मग खाली येऊन आमच्यासारख्यांना पाचपैकी पाच मारतात, कारण जास्त जिंकलं की सेटमागे डस्ट जास्त. एकदा समोरचा पहिल्याच सेकंदाला पळून गेला, मला फुकट विजय, मी खूश. दुसऱ्या दिवशी तसल्याच एकाने मला असा धुतला की माझे तिन्ही पोकेमॉन गेले तरी त्याची एक शील्ड (वार अडवायची ढाल) शिल्लक. हिशोब बरोबर आहे त्यांचा, मला माहितीये, म्हणूनच जास्त चीड येते.

आता तुम्ही म्हणाल हा एवढा शहाणा तर याच्याकडे किती आहे. सांगतो. सांगायलाच बसलोय खरं तर, भाऊ नुसता निमित्त.

मी ग्रेट लीगसाठी अंब्रिऑन बनवत होतो, तो ईव्ही नावाच्या पोकेमॉनपासून होतो. चांगला ईव्ही मिळाला, अटॅक १, बाकी १५ आणि १४. त्याला बडी (सोबत चालणारा पोकेमॉन) करून १० किलोमीटर चालवला, तळजाई टेकडीवर सकाळी फेऱ्या मारल्या, मग रात्र व्हायची वाट बघितली कारण दिवसा इव्हॉल्व्ह केला, म्हणजे पुढच्या रूपात नेला, तर एस्पिऑन होतो. झाला अंब्रिऑन. दुसरा अटॅक उघडायला ७५ हजार डस्ट आणि ७५ कँडी. ७५ हजार म्हणजे १०० च्या हिशोबाने साडेसातशे पोकेमॉन पकडायचे. मी पकडले. पूर्ण पावसाळा पकडले. पावसात किडे जोरात असतात, पॅरास एरवी ५०० देतो तो पावसात ६२५ देतो, म्हणून मी रेनकोट घालून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोसायटीभोवती फिरत होतो, वॉचमनने दोनदा विचारलं साहेब काही हरवलंय का. कम्युनिटी डेला (एकच पोकेमॉन ढिगाने येतो तो दिवस) स्टार पीस (डस्ट वाढवून देणारी वस्तू) लावून तीन तास अंगठा दुखेपर्यंत बॉल फेकले. कोणाला शायनी हवा होता, मला डस्ट हवी होती. लोक फोटो काढत होते आणि मी गाठोडं बांधत होतो.

उघडला अटॅक. मग पॉवर अप. १४८१ ला आला. १४८१! याच्यापुढे एकही टॅप नको, सगळं संपलं, आता फक्त फोन खिशात टाकायचा. मी बसमध्ये होतो, उभा, एका हाताने दांडा धरलेला, आणि मला वाटलं एकदा बघू तर खरं पुढचा टॅप कितीला जातो. म्हणजे स्क्रीनवर लिहून येतं, नवा सीपी किती होणार ते दाखवतं, कोणत्या लीगमध्ये चालणार तेसुद्धा दाखवतं, म्हणजे दोष द्यायला समोर कोणीच नाही बघा. खड्डा आला. अंगठा पडला. साडेचार हजार डस्ट गेली आणि अंब्रिऑन १५०९.

१५०९.

परत मागे नेता येत नाही. एकदा वाढवला की वाढवला. मी दोन स्टॉप पुढे गेलो उतरायचं सोडून. ग्रुपवर टाकलं तर एक अतिशहाणा म्हणतो, "अरे मग अल्ट्रा लीगला वापर ना." अल्ट्राची मर्यादा २५००, आणि अंब्रिऑन तिथे कामाचा व्हायला जवळजवळ ५० लेव्हलला न्यावा लागतो, म्हणजे माझ्या २८ च्या आसपासच्या लेव्हलपासून ४० पर्यंत पावणेदोन लाखाच्या आसपास, मग ४० ते ५० चे अडीच लाख, वर २९६ एक्सएल कँडी (४० च्या पुढे लागणाऱ्या वेगळ्या कँडी). चार लाखांच्या वर! सव्वा रुपयाची चूक झाकायला सोन्याचं झाकण. आणि दुसरा म्हणतो, "बरं झालं, नाहीतरी पुढच्या सीझनला अटॅक बदलतात." हे मात्र खरंय आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मेडिचॅम आठवतो ना? वर्षानुवर्षं ग्रेट लीगचा राजा, लोकांनी एक्सएल कँडी गोळा करून लाखोंची डस्ट ओतून त्याला ५० च्या जवळ नेला, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या काउंटर नावाच्या अटॅकची ताकद कमी झाली आणि राजा आला जमिनीवर. नवा सीझन सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी मोठा खर्च करायचा नाही हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटलोय. अंब्रिऑनवर मी खर्च कधी केला? नवा सीझन सुरू व्हायच्या नऊ दिवस आधी.

भावाला यातलं काहीच सांगितलं नाही. त्याला लिहिलं, सहा हजारात काही होत नाही, पकडत बस, आणि कोणताही स्टार्टर (गेमच्या सुरुवातीला निवडायला मिळतात त्या जातीतला) असेल तर त्याचा दुसरा अटॅक १० हजारात उघडतो, स्वॅम्पर्ट असेल तर तो कर, पुढचे दोन महिने बाकी कशाला हात लावू नकोस. त्याने अंगठा पाठवला. लगेच खाली, "दादा पण तो हंडो नाहीये."

फोन उशीखाली टाकला.

आज सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या मारुतीच्या जिममध्ये एक जागा रिकामी दिसली. टाकला तो अंब्रिऑन. नाहीतरी काय करायचंय त्याचं. दूध घेऊन, पाव घेऊन, सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी वाद घालून घरी येईपर्यंत नोटिफिकेशन आलं. १४ मिनिटं टिकला. १ कॉइन.