गाडी नाही, नुसतं स्टेअरिंग

संगणकावरच्या रेसिंग गेमसाठीचं डायरेक्ट ड्राइव्ह स्टेअरिंग, म्हणजे स्वतःच्या मोटरनं हाताला ओढ देणारं, घरात आलं की ते जोखायला आधी माणसं जमतात, यंत्र नंतर चालू होतं. आई विचारते, "गाडी कुठाय ह्याची?" शेजारचे काका खोकं एका हातानं उचलून बघतात, उचललं जात नाही म्हटल्यावर समाधानानं मान हलवतात. जड ते चांगलं, हा आमच्याकडचा नियम ऑइल इंजिनापासून चालत आलाय. मामा किंमत ऐकून गप्प होतात, म्हणजे तेवढ्या पैशात येणाऱ्या वापरलेल्या व्हॅगनआरचं साल मनात ठरवत असतात. आणि तालमीत जाणारा दोस्त बाह्या सारून पुढं सरकतो. "फुल्ल सोड भावा. बघू कोण जिंकतंय."

परीक्षेचा पाया इथंच चुकतो. १९१२ पासून खासबागेचं कुस्ती मैदान असलेल्या कोल्हापुरात हाताला ओढ देणारी कुठलीही वस्तू कुस्तीलाच बोलावते, त्याला इलाज नाही. पण ही मोटर दमत नाही, घाम पुसत नाही आणि चीतपट झाल्याचं मान्य करत नाही. दमतं ते आपलं मनगट. मग दोस्त उठून जाताना शेरा मारतो, "लै भारी हाय." झालं मूल्यमापन.

आधी न्यूटन मीटरच्या, म्हणजे वळवायच्या जोराच्या, आकड्याचा अर्थ बघू. जुन्या गिअरवाल्या स्टेअरिंगमध्ये, लॉजिटेक जी-२९ सारख्या, छोटी मोटर दातेरी चाकांमधून जोर देते. तो जोर दोनेक न्यूटन मीटर, आणि सोबत दात्यांची खडखड फुकट. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे पट्टा नाही, दाते नाहीत. मोटरच्या शाफ्टलाच स्टेअरिंग बसतं. फॅनाटेकचं सीएसएल डीडी साध्या वीजपुरवठ्यावर ५ आणि मोठ्यावर ८ न्यूटन मीटर देतं, मोझा आर-१२ चं नाव आणि जोर दोन्ही १२, फिनलंडहून येणारं सिम्युक्यूब २ प्रो २५. आता ३० सेंटिमीटर व्यासाचं स्टेअरिंग धरा. मध्यापासून कडेपर्यंत १५ सेंटिमीटर. २५ न्यूटन मीटर म्हणजे त्या कडेला जवळजवळ १७ किलोची ओढ. गव्हाची अर्धी गोणी कुणीतरी दर वळणाला हातातून हिसकावून घेतंय, असा अर्धा तास काढायचा. रोजच्या पॉवर स्टेअरिंगच्या गाडीला ह्याचा छोटासा हिस्साच लागतो.

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा शिखराचा असतो, क्षणभर मिळणारा. तोच जोर मोटर किती वेळ टिकवते हा वेगळा आकडा, आणि तो बारीक अक्षरात. फॅनाटेकच्या डीडी-१ चं शिखर २० होतं, टिकाऊ जोर १५. लांब वळणात, जिथं स्टेअरिंग पाचसहा सेकंद एकाच बाजूला धरून ठेवायचं असतं, तिथं टिकाऊ आकडाच कामाला येतो.

हे घरी तपासता येतं, आणि त्यासाठी लागतो सामान तोलायचा डिजिटल काटा, लक्ष्मीपुरीत सहज मिळणारा. स्टेअरिंगच्या उजव्या कडेला, बरोबर तीन वाजल्याच्या जागी, काट्याचा हूक अडकवायचा. काट्याचं दुसरं टोक खाली फ्रेमला पक्क्या दोरीनं बांधायचं, दोरी कडेशी काटकोनात. मोटरच्या सॉफ्टवेअरमधून डावीकडं वळवणारा एकसारखा जोर सोडायचा, आधी २५ टक्के, मग ५०, मग ७५. ३० सेंटिमीटरच्या स्टेअरिंगवर काट्याचा एक किलो म्हणजे साधारण १.४७ न्यूटन मीटर. जोर दुप्पट मागितल्यावर काटाही दुप्पट दाखवतो का, एवढंच बघायचं. ५० ला सात किलो आणि १०० ला अकरा असं आलं तर वरच्या टोकाला मोटर किंवा वीजपुरवठा हात आखडता घेतोय. शंभर टक्क्यांचा प्रयोग अगदी शेवटी आणि दोनतीन सेकंदच, तोंड बाजूला ठेवून. दोरी सुटली तर काटा कुठं जाईल याचा विचार दोरी बांधताना करायचा.

पुढची परीक्षा मोटरची नाहीच, ती ज्यावर बसते त्याची. आठ न्यूटन मीटरच्या वर टेबलाला क्लॅम्प लावायचा विचार सोडून द्यावा. प्लायवूडचं टेबल पहिल्या कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, कुरकुरतं, दहाव्यावर त्याच्या तक्त्याला क्लॅम्पच्या आकाराचा खड्डा पडतो. चाकांच्या खुर्चीचं तर विचारूच नका. ब्रेकला लोडसेल, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, असेल तर पाय ३०-४० किलोनं दाबायचा असतो, आणि न्यूटनचा तिसरा नियम माणसाला खुर्चीसकट स्वयंपाकघरात नेऊन सोडतो.

बाहेरगावचे लोक ह्यासाठी ४० बाय ८० चे ॲल्युमिनियम प्रोफाइल मागवतात. आपल्याकडं वर्कशॉपांचं उद्यमनगर आहे. चौकोनी पाइपांची एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, फ्रेम वेल्डिंग करून घेतली तर निम्म्याहून कमी पैशात होते आणि हलत नाही. फक्त दोन अडचणी. पहिली, फॅब्रिकेशनवाल्याला हे कशासाठी ते समजावणं. "गेमसाठी" म्हटलं की तो काम मागं टाकतो, "मोटर टेस्टिंगचा स्टँड" म्हटलं की संध्याकाळी तयार असतो, आणि ते खोटंही नाही. दुसरी अडचण खरी तांत्रिक. मोटर बसायची १० मिलिमीटरची प्लेट चारी बाजूंनी एकदम वेल्ड केली की उष्णतेनं वाकते. वाकलेल्या प्लेटवर मोटर आवळली तर ती तीनच बोल्टवर बसते, चौथा नुसता शोभेला. म्हणून टाके मारत, समोरासमोरच्या कडा घेत वेल्ड करायला सांगायचं, आणि भोकं वेल्डिंगनंतर पाडून घ्यायची. शक्यतो भोकाऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात, म्हणजे स्टेअरिंगचा कल बदलता येतो.

फ्रेम कितपत घट्ट, हे डोळ्याला कळत नाही. शेजारच्याच शेडमधल्या टर्नरकडून चुंबकी स्टँडचं डायल गेज तासाभरासाठी मागून आणायचं. स्टँड जमिनीवर टेकलेल्या जड लोखंडावर, गेजची सुई मोटरच्या अंगावर, आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जोरानं वळवायचं. सुई मिलिमीटरभर हलली तर मोटरनं पाठवलेल्या बारीक थरथरीतला मोठा वाटा फ्रेम गिळते आणि तुम्ही लाखाच्या वस्तूतून पन्नास हजारांचा अनुभव घेताय. मग गेज क्विक रिलीजवर. स्टेअरिंग काढघाल करायचा तो सांधा सगळ्यात आधी सैल होतो. शाफ्ट घट्ट धरून स्टेअरिंग हलवल्यावर टक् असा आवाज आला तर तो सांधा बदलायचा, सॉफ्टवेअर नव्हे.

बोल्टबद्दल एक विनंती. स्टेअरिंग बहुतेक ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा एम-५ बोल्टांनी बसतं. हे बोल्ट ट्रॅक्टरचे नाहीत. समोरासमोरचे असे आळीपाळीनं, पाचेक न्यूटन मीटरवर थांबायचं. इथल्या सवयीप्रमाणं "आणि एक पाव फेरा" केला की ॲल्युमिनियमच्या हबचे आटे जातात, आणि मग खरोखरच उद्यमनगर गाठावं लागतं.

विजेचं थोडक्यात सांगतो, पण सोडून देऊ नका. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक कधीकधी निव्वळ सजावटीचं असतं, मागं वायरच नसते. अशा सॉकेटवर वीजपुरवठ्याच्या फिल्टरमधली किंचित गळती धातूच्या फ्रेमवर येऊन बसते. अनवाणी पायानं पॅडलला हात लावला की मुंग्या येतात, आणि घरातले म्हणतात, "बघ, यंत्रालासुद्धा आवडत नाही." शिवाय मधेच यूएसबी तुटतं आणि दोष संगणकाला जातो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं, फ्रेमलाही अर्थ जोडायचा, यूएसबीची वायर छोटी आणि मोटरच्या वायरपासून लांब ठेवायची.

एवढं झाल्यावर बसायचं. वीज चालू, जोर शून्य, आणि स्टेअरिंग दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवायचं. मोटरमधल्या चुंबकांमुळं काही ठिकाणी अडखळल्यासारखं होतं, बोटांखाली दाणे सरकल्यासारखं. त्याला कॉगिंग म्हणतात. भारी मोटरमध्ये ते जवळजवळ नसावं. स्वस्तातल्यात असलं तर चालेल, महागात असलं तर परत पाठवावं.

आता मुद्द्याचं. ह्या यंत्राचे पैसे जोरासाठी नसतात, जोर *कमी होण्यासाठी* असतात. वळणात पुढचे टायर स्टेअरिंगला सरळ आणायला बघतात, ती ओढ आपल्याला हातात जाणवते. टायरची पकड टोकाला पोचण्याच्या थोडं आधीच ही ओढ उतरू लागते. म्हणजे गाडी घसरण्यापूर्वी स्टेअरिंग हलकं होतं. तो हलकेपणा किती लवकर आणि किती स्पष्ट हातात आला, ह्यावर मोटरची लायकी ठरते. गिअरवाल्यात तो दात्यांच्या खडखडीत हरवतो.

हे तपासायचं तर आवाज बंद करा. टायर किंचाळले की कान हाताच्या आधी उत्तर देतात आणि श्रेय मोटरला मिळतं. एखादं लांब, एकाच गोलाईचं वळण निवडा, वेग प्रत्येक फेरीला थोडा वाढवा, आणि पुढचं टोक बाहेर जायला लागलं की नाही ते फक्त हातानं सांगा. शेजारी पडदा बघणारा कुणीतरी बसवा. तोच दोस्त बसवा, म्हणजे त्यालाही काम मिळतं. त्यानं आधी सांगितलं तर मोटर किंवा सेटिंग चुकतंय. घाई करून सगळ्यात वेगवान फेरीवरून निकाल देऊ नये. वेगवान फेरी नशिबानंही लागते. दहा फेऱ्यांच्या वेळा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघावं.

इथंच मोठ्या मोटरचा एकमेव प्रामाणिक फायदा कळतो. गेम जोराची मागणी शंभर टक्क्यांपर्यंतच पाठवू शकतो. वळणातच शंभर गाठले तर वर कर्बचा धक्का बसला तरी हाताला काही वेगळं कळत नाही, दोन्ही एकाच भिंतीला धडकतात. ह्याला क्लिपिंग म्हणतात. असेटो कोर्सा ह्या गेममध्ये पॅडलच्या पट्ट्यांशेजारी जोराची पट्टी असते, ती लाल झाली की समजायचं. उपाय म्हणजे गेममधला गेन, म्हणजे जोराची पातळी, खाली आणायचा. छोट्या मोटरवर गेन उतरवला की सगळंच मऊ होतं. २५ वाल्यावर उतरवूनही हातात भरपूर शिल्लक राहतं. म्हणून भारी मोटर विकत घ्यायची आणि निम्म्या जोरावर चालवायची, हेच तिचं योग्य चालवणं. हे मामांना समजावायला जाऊ नये.

मोटरच्या सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरांच्या नादाला लागण्याआधी हे लक्षात घ्या की गेमकडून येणारा संदेश पायऱ्यापायऱ्यांनी येतो. असेटो कोर्सा सेकंदाला ३३३ वेळा गणित करतो. आयरेसिंग ३६० वेळा करतो, पण जोराचा संदेश वर्षानुवर्षं ६० वेळाच पाठवत आला. त्या पायऱ्या सिम्युक्यूबमधला रिकन्स्ट्रक्शन फिल्टर गुळगुळीत करतो. तो दोनतीनवर ठेवला तर बरं, वर चढवत गेलात तर रस्त्याचे खड्डे बुजतात. प्रत्यक्ष रस्त्यांच्या बाबतीत हे झालं असतं तर स्वागत केलं असतं, इथं मात्र खड्डे विकत घेतलेले आहेत.

सरळ रस्त्यावर हात सोडून बघायची एक परीक्षा आहे. स्टेअरिंग डावी-उजवी हलायला लागतं आणि हेलकावे वाढत जातात. मोटर बिघडलेली नसते. गेमचा संदेश यायला लागणारा उशीर आणि धरायला हात नसणं, ह्यांची ती जोडी. थोडं डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला मोटरचा विरोध, वाढवलं की थांबतं. मात्र ही परीक्षा ३० टक्क्यांच्या वर करू नका, आणि एरवीही अंगठे आऱ्यांत अडकवू नका, कडेवर बाहेरून ठेवा. भिंतीला धडकणार हे दिसलं की हात सोडा. आपल्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचं शिकवलंय, ते इथं विसरायचं. लाल आणीबाणी बटण गुडघ्याच्या नव्हे, तळहाताच्या टप्प्यात हवं. भाचरं खेळायला आली की बटणावर बसणारा एक मोठा माणूस वेगळा नेमावा.

किती घ्यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर बारा ते पंधरा. बाकीचे पैसे लोडसेलच्या पॅडलात आणि भंगारातल्या गाडीच्या चांगल्या सीटमध्ये घाला. फेरीचा वेळ पायानं कमी होतो, हातानं फक्त मजा वाढते. उरलेच तर मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर जाऊन या, कार्टला पॉवर स्टेअरिंग नसतं.

फ्रेम घरात ठेवल्यावर एक गोष्ट गृहीत धरायची. जुलैत, गच्चीवर काही वाळत नाही तेव्हा, एवढा भक्कम आडवा पाइप रिकामा राहणार नाही. मोटर बंद असेपर्यंत टॉवेलाला हरकत नाही. चालू असताना नको, तिचं धातूचं अंगच तिचा पंखा आहे आणि झाकली की तापून जोर कमी करते. पॅडलवर तर काहीच टाकू देऊ नका. ओल्या जीन्सचा किलोभर भार लोडसेल इमानदारीनं ब्रेक म्हणून नोंदवतो, आणि गाडी सरळ रस्त्यावर का रखडते हे आपण सेटिंगमध्ये शोधत बसतो.