म्हणे लेन्स शार्प नाही!

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोबाइलवर दोन बोटांनी ताणून जे लोक लेन्सची लायकी ठरवतात, त्यांनी यापुढे माझ्या लेन्सबद्दल चकार शब्द काढू नये. डोकं फिरलंय माझं.

लांबचे पक्षी टिपायला 150-600 मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. मेव्हण्यानं किंमत ऐकून आधीच ऐकवलं होतं, "एवढ्यात एक दुभती म्हैस आली असती दाजी." ते एक सोसलं. पण आमच्या ग्रुपातले महाभाग? लेन्स मागून नेली आणि एप्रिलातल्या भर दुपारी एक वाजता गेले पैठणला नाथसागरावर. पारा 42 वर, ऊन मी म्हणतंय, पाणी उतरून गाळपेराची काळी जमीन उघडी पडलेली, आणि हे 600 वर झूम करून पार पलीकडच्या काठावरचे शेकाटे, म्हणजे ते लांब पायांचे पक्षी, टिपतायत. संध्याकाळी निकाल हजर: "बोगस पीस आला राव तुला. एकदम सॉफ्ट, सगळं पुसट."

अरे, त्या शेकाट्याचे पाय बघितले का? काडीसारखे सरळ पाय फोटोत नागमोडी आलेत! लेन्स पाय वाकवते का कुठं? जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर उठते, गरम-गार हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि त्यातून येणारा उजेड क्षणाक्षणाला वेगळा वळतो. रस्त्यावर मृगजळ दिसतं ते याच तापलेल्या हवेमुळं. पक्षी जितका लांब, तितकी ही उकळती हवा मधे जास्त. एकाच बर्स्टमधले, म्हणजे एका दमात धडाधड काढलेले फोटो शेजारी-शेजारी लावा: एकात डोकं बरं आणि पाय गेलेले, पुढच्यात उलटं. त्यावर शहाणा विचारतो, "स्टॅबिलायझेशन चालू होतं ना?" ते तुझा हात हलला तर सांभाळतं बाबा, मराठवाड्याची हवा नाही सांभाळत! लाखाची जाऊ दे, दहा लाखांची लेन्स लावली तरी तिथं हेच होणार.

बरं, शटर स्पीड किती ठेवला? 1/250. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, त्यात सगळं दीडपट जवळ दिसतं, म्हणून 600 चा हिशेब 900 चा. त्या हिशेबानं हातात धरून काढायचं तर 1/1000 सेकंदापासून पुढं बोला. वर पाखरू चालतंय, म्हणजे आणखी वाढवा. नाही, पण दोष लेन्सचा.

आणि तो फोटो बघितला कुठं, तर व्हॉट्सॲपवर. माझा कॅमेरा 6000 बाय 4000 चा फोटो देतो. साधा पाठवला की त्याचा 1600 च्या आसपास चुरा होतो, त्यावर पुन्हा दाबादाबी. त्या चुऱ्यात ह्यांना पिसं मोजायची आहेत!

तपासायचीच ना? मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा बरोबर समोर, ट्रायपॉडवर, 2 सेकंदांचा टायमर लावून. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं भोक, 6.3 वर ठेवून एक फोटो, 8 वर एक. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस. चारही कोपरे बघा. एक बाजू स्वच्छ आणि दुसरी पुसट आली, भिंतीशी कॅमेरा तिरका नसला आणि पुन्हा पुन्हा तसंच आलं, तर मग म्हणा पीस खराब. डीएसएलआरवाल्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून नेहमीच्या फोकसनंही काढून बघावं. त्यात घोळ असला तर तो बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून निघतो. एवढं काम सावलीत, घरच्या अंगणात होतं. पण नाही, ह्यांना धरणच पाहिजे.

दुकानदाराची तऱ्हा वेगळीच. तपासून द्या म्हटलं, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एक फोटो काढून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दाखवला, "दिसतंय ना साहेब क्लिअर?" त्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर सगळंच क्लिअर दिसतं! आणि शंका असली तर लेन्स मुंबईला पाठवावी लागेल म्हणे. म्हणजे तोवर आम्ही बसायचं हात चोळत.

वर जाता जाता त्यानं सस्त्यातला यूव्ही फिल्टर बसवून दिला, "प्रोटेक्शन" म्हणून. एवढ्या महागड्या काचेपुढं ती टुकार काच! 600 वर फिल्टर लावून आणि काढून तोच पेपर टिपला, तर अक्षरांच्या कडांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. काढून ठेवला तो खोक्यात. तर ग्रुपातला तोच पैठणवाला म्हणतो, "काहून काढला? काचेला धूळ लागंल ना."

लागू दे! पुसतो मी!